चोपड्याचा आकडा

मित्रांनो, माझं अंग एका ओळीचं. मी एक जुना दुवा आहे. एका फाइलीतला आकडा दुसऱ्या फाइलीत आणून दाखवणारं सूत्र. गोवा राज्य होऊन पंधरा वर्षं लोटली होती, तेव्हा पेडणे तालुक्यातल्या एका औषध भांडारात योगिताबाईंनी मला लिहिलं. गावोगावच्या दवाखान्यांच्या फाइली वेगवेगळ्या होत्या. मोठ्या फाइलीत त्यांनी बरोबरचं चिन्ह दाबलं, चोपडे गावच्या दवाखान्याच्या फाइलीतल्या एका चौकटीवर टिचकी मारली आणि मी जन्मलो. चोपड्यात सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या उरल्या, तेवढं मी सांगायचं. त्यावरून नवा साठा जाई. "आता परत परत लिहूक नाका," म्हणत बाई माझं कौतुक करत.

पुढे त्यांची डिचोलीला बदली झाली आणि रघुनाथ आला. मोठा नीटनेटका माणूस. त्यानं गावांच्या फाइली नव्या फोल्डरात हलवल्या. दुसऱ्या दिवशी संगणकानं विचारलं, दुवा सापडत नाही, पुढे जाऊ? घाईत त्यानं 'हो' दाबलं. माझ्यापाशी शेवटचा आकडा होता वीस. मी तोच धरून बसलो.

भातकापणीत कुप्या भराभर संपल्या. चोपड्याच्या नर्स मालतीताई दर आठवड्याला फोनवर कळवत. रघुनाथ ते चोपड्याच्या फाइलीत लिहीही. पण साठा पाठवताना तो मोठी फाइल बघे. तिथे वीसच.

एका सकाळी शेतात गोकुळदासांच्या पायाला फुरसं चावलं. मालतीताईंचा फोन आला.

"रघुनाथ, दोनच कुप्यो उरल्यात! बेगीन धाड!"

"पूण ताई, हांगा वीस दिसतात."

"तुज्या कॉम्प्युटरात आसतीत. म्हज्या फ्रीजात नात!"

रघुनाथनं बर्फाच्या डब्यात कुप्या भरल्या आणि स्वतःच स्कूटर पिटाळली. गोकुळदास वाचले. पायाची दोन बोटं मात्र कापावी लागली.

त्या संध्याकाळी योगिताबाईंनी फोनवरून सांगितलं तसं रघुनाथनं मला नवी वाट दाखवली.

दोन महिन्यांनी गोकुळदास लंगडत भांडारात आले. "तो वीस खंय दिसतालो, दाखय मरे," म्हणाले. रघुनाथनं चौकटीवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून ती चौकट बघितली आणि ते आल्या वाटेनं निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. वाट तुटली तरी माझा आकडा तितकाच ठळक दिसतो. फाइल हलवाल तेव्हा माझी आठवण ठेवा. आणि माझ्यावर कितीही भरवसा असला तरी अधूनमधून फ्रीज उघडून स्वतः मोजा.