मी म्हणे गॅसवर चालते

मी एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी मोठी गाडी आहे आणि माझं सारं आयुष्य परोपकारात गेलं. मित्रांनो, हे वाक्य मी छाती काढून म्हणते खरी, पण मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या पाठीला आकडा आहे. त्याला कुणी काही अडकवलं की मी ओढते. मी होड्या ओढल्या, रुतलेले ट्रक ओढले. एकदा बंद पडलेली मोटार आतल्या नवरा-बायकोसकट ओढली. ते दोघं वाटभर भांडत होते आणि मोटार बंद पडण्यात दोष कुणाचा, हे घर आलं तरी ठरलं नव्हतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पेट्रोल पीत असे, आणि पिणं असं की मालक म्हणत, "हिच्यापेक्षा हत्ती पाळला असता तर निदान सोंडेने आंघोळ तरी घातली असती." शेवटी त्यांनी मला एका फिटरकडे नेलं. त्याने माझ्या मागच्या सीटमागे गॅसची जाडजूड टाकी बसवली आणि स्टिअरिंगखाली एक बटण आणि एक दिवा.

"सुरू पेट्रोलवर होईल, साहेब. गरम झाली की आपोआप गॅसवर जाईल. गॅस मिळेनासा झाला तर शिट्टी वाजेल आणि परत पेट्रोलवर येईल."

मालकांनी यातलं 'आपोआप' आणि 'शिट्टी' एवढंच ऐकलं. दिवा हिरवा असला तर गॅस, लाल असला तर पेट्रोल, हेही फिटरने सांगितलं होतं. पण दिवा नेमका मालकांच्या पोटाआड गेला, सबब तो त्यांना कधी दिसला नाही.

पहिल्या दिवशी मी गॅस चाखला. कोरडा, थंड, वारा गिळल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मी गरम झाले न झाले तोच शिट्टी वाजली आणि जिभेवर पुन्हा पेट्रोल! मालकांनी मात्र स्टिअरिंगवर थाप मारली. "ऐकलंस? गेली गॅसवर!"

मी गोंधळले. माझी चव गेली असेल, असं मला वाटलं. घरची माणसं एकमुखाने गॅस म्हणतात, तिथे एकट्या इंजिनाने पेट्रोल म्हणून काय उपयोग? रोज शिट्टी वाजे, रोज थाप पडे. गॅसचा काटा तर जागचा हलेना.

"महिना होत आला," मालक बहिणीला सांगत, "टाकी भरलेलीच. गाडी नुसत्या वासावर चालते."

"दादा, वासावर तर तूही चालत नाहीस," बहीण म्हणे.

पेट्रोलचा काटा कैक वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला होता. त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

मालकांची ही बहीण मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. तिच्याकडे एकच घोडी, काळी. एके दुपारी काळीने चारा सोडला, घामाने भिजली, सारखी मान वळवून पोटाकडे बघू लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "पोटशूळ आहे. ताबडतोब आणा. लोळू देऊ नका, आतडं पिळवटलं तर हातची जाईल."

दवाखाना टेकडीपलीकडे. मागे ट्रेलर जोडला, त्यात काळी चढवली. पुढे मालक आणि बहीण, मागे मालकांच्या आई, कारण घोडी त्यांच्या आवाजाने शांत राहते. अर्ध्या चढावर मी दोन आचके दिले आणि बंद पडले.

मालकांनी काटे पाहिले. गॅस पूर्ण, पेट्रोल अर्धं. "दोन्हीकडून भरलेली आहे आणि बंद आहे! हे कसं काय?"

"दादा, काळी खाली बसायला लागली!"

"थांब गं, गाडीला काय होतंय तेच कळत नाहीये."

"गाडीचं मरू दे, माझी घोडी जाईल!" बहिणीने रडतच ट्रेलर उघडला, काळीला खाली घेतलं आणि रस्त्यावर खाली-वर, खाली-वर चालवू लागली.

मालकांनी फिटरला फोन लावला. फिटरने विचारलं, "टाकीचा नळ उघडा आहे ना?"

"टाकीला नळ आहे?"

"आहे की," मागच्या सीटवरून आई म्हणाल्या. "मी रोज रात्री बंद करते."

मालक हळूहळू मागे वळले. "आई! गाडीचा गॅस?"

"गॅस तो गॅस. सगळे झोपलेले असताना दारात एवढा थोरला सिलिंडर उघडा ठेवू?"

"अगं, मग सकाळी उघडायचा तरी!"

"उघडायचं काम माझं कधी होतं? आपल्या घरात बंद मी करते, उघडते सून."

सुनेला गाडीत काही उघडायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मित्रांनो, म्हणजे माझी जीभ शाबूत होती. त्या महिन्यात मी पेट्रोलच प्यायले, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. मालकांनी नळ उघडला. फिटरने फोनवर सांगितलं तसं बटण दाबून धरलं. मी खोकले आणि सुरू झाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी काळीच्या कुशीला कान लावला. "पोट तर छान वाजतंय. लीद केली का?"

"चढावर केली. गाडी बंद होती तेव्हा. मी फिरवत होते."

"मग त्यानेच सुटली. ट्रेलरमध्ये उभीच्या उभी आणली असतीत तर काही खरं नव्हतं. बंद पडलात ते बरं झालं."

"म्हणजे मी नळ बंद केला ते," आई म्हणाल्या.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्रांची काळजी घ्या असं सांगायची रीत आहे. मीही सांगितलं असतं. पण वर्षानुवर्षं माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, तेव्हा मी एकदाही अडले नाही. अडले ती घरातल्या सर्वांत काळजीवाहू माणसामुळे, आणि त्यात घोडी वाचली. तेव्हा काळजी घ्या, पण घेतलीत की घरात सांगा. याहून जास्त मला काही सुचत नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "आता ट्रेलरमध्ये घालू नका. चालवतच न्या."

काळी चालत घरी गेली. मी रिकामा ट्रेलर ओढत तिच्या मागून गेले.