प्लेटवरची लाली

ॲम्प्लिफायरच्या उजव्या बाजूच्या व्हॉल्व्हमध्ये, काचेच्या नळीतल्या करड्या प्लेटवर मसुराच्या दाण्याएवढा तांबडा डाग होता. डाव्या व्हॉल्व्हवर तसं काही नव्हतं. दोन्हींच्या आत मधोमध नारिंगी उजेड होता, तो नेहमीचा. प्लेट मात्र करडीच राहायला हवी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डागाची कड सावकाश पसरत होती.

"किती छान पेटून राहिला वं," आई मागून म्हणाली. "दसऱ्यापासून पाहून राहिली मी. रोज थोडा जास्तच लाल होते."

तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी असा हलका लागला होता.

हा गिटारचा ॲम्प्लिफायर माझ्या धाकट्या भावानं, रुपरावनं, स्वतःच्या हातानं बांधला होता. घरात तो रूपू. मित्राच्या, ओमप्रकाशच्या ऑर्केस्ट्रात तो इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. चार वर्षांपूर्वी पारशिवनीचा कार्यक्रम आटोपून परतताना जीप उलटली. रूपू पुढे बसला होता. गिटारही मोडली. मागे गादीत गुंडाळलेल्या ॲम्प्लिफायरला ओरखडासुद्धा नव्हता.

तेरवीनंतर एका संध्याकाळी आईनं देवापुढे दिवा लावला आणि तशीच उठून ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं. तेव्हापासून ती रोज दाबते. गाणं नाही, वाजवणं नाही, स्पीकरमधून फक्त बारीक घुं असा आवाज. व्हॉल्व्ह दिसावेत म्हणून तिनं त्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे करून ठेवली होती. तासभर ते तेवत. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते; तो तासभर मी समोर बसून मुलींची जर्नल्स तपासत असे. तेवढ्या वेळात आम्ही दोघी फारसं बोलत नसू.

ओमप्रकाश दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला येई आणि निघताना पायात चपला घालता घालता म्हणे, "ताई, आमच्या पार्टीले चांगला ॲम्प नाही. हा असा मुका बसला तं वरून रूपू मलेच शिव्या देत असन." आई माझ्याकडे पाही, मी आईकडे. मग मीच म्हणे, "पाहू." तीन भाऊबीजा हे 'पाहू' चाललं होतं.

प्लेट लाल होते म्हणजे तिच्यातून झेपणार नाही एवढा प्रवाह वाहत असतो. व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या जाळीवर, ठरावीक ऋण व्होल्टेज ठेवलं, की प्रवाह आवरलेला राहतो. नळाची चावी अर्धी फिरवून ठेवावी तसं. त्यालाच बायस म्हणतात. ते सुटलं, की व्हॉल्व्ह स्वतःलाच जाळत जातो आणि कधी सोबत ट्रान्सफॉर्मरही नेतो; आगही लागू शकते. आई दिवसभर घरात एकटी असते.

"आई, हा काही दिवस लावू नको."

"काहून?"

"बिघडला आहे."

"बिघडला तं इतका उजेड कसा देते?"

मी प्लगची वायरच काढून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं दिवा लावला, बटणापर्यंत हात नेला आणि नुसतीच माझ्याकडे पाहिलं.

दुरुस्तीला बाहेर द्यायचं मनात आलं नाही. रूपूनं जोडलेल्या तारा दुसऱ्या कुणी सोडवाव्यात, हे मला नको होतं. दिवाळीची सुट्टी होती. लायब्ररीतून व्हॉल्व्हचं हँडबुक आणलं, लॅबमधून मीटर आणि सोल्डरिंग आयर्न. ट्रायोड व्हॉल्व्हचे आलेख मी दरवर्षी मुलींकडून काढून घेते. पण ते टेबलावर मांडलेले, नीट खुणा केलेले प्रयोग. रूपूच्या तारा एकमेकींवरून गेलेल्या होत्या. या रंगाची तार त्यानं इथे का वापरली, हे दर वेळी थांबून समजून घ्यावं लागे.

प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज शिल्लक राहते. ती आधी रेझिस्टरमधून काढून टाकली. सेट चालू ठेवून मोजायचं तेव्हा रूपू डावा हात पँटच्या खिशात घालायचा, दोन्ही हात एकदम आत जाऊन झटका छातीतून जाऊ नये म्हणून. साडीला खिसा नसतो. मी डाव्या हाताला पदराचे वेढे दिले आणि तो पाठीमागे धरला.

"हात दुखते का वं?" आईनं विचारलं.

"नाही. असंच करायचं असते."

"तोही असाच उभा राहे," ती म्हणाली आणि आत गेली.

बायस जुळवायचा प्रिसेट, स्क्रूनं फिरवायचा छोटा रेझिस्टर, मागच्या पत्र्यातल्या एका छोट्या भोकाआड होता. मीटरचा काटा तिथे थरथरत होता, मध्येच शून्यावर पडत होता. मी प्रिसेट सोडवून भिंगाखाली धरला. आतल्या काळ्या पट्टीवर लालसर खपली बसली होती. नखानं खरवडली. हळदीचा पिवळा कण आणि कुंकू.

खंडेनवमीला रूपू गिटार आणि ॲम्प्लिफायर पुसून मांडायचा, समोरच्या लाकडावर हळदकुंकवाचं बोट टेकवायचा, झेंडूचं फूल ठेवायचा. त्याच्यामागे आईनं ते चालू ठेवलं. पण आता समोरची बाजू भिंतीकडे होती. तिनं प्रत्येक नवमीला मागच्या पत्र्यावर ओलं बोट टेकवलं होतं, व्हॉल्व्हच्या खाली, मधोमध. जिथे ते भोक होतं.

प्रिसेट मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.

"काय निघालं?" आईनं चहा ठेवत विचारलं.

"एक पार्ट जुना झाला होता."

बर्डीच्या बाजारातल्या रेडिओच्या दुकानातून नवा प्रिसेट आणला आणि व्हॉल्व्हची नवी जोडी. दुकानदारानं खोका पुसत सांगितलं, "सांभाळून वापरा बाई, आता येणं कमी झालं याचं." व्हॉल्व्हचं आयुष्य तासांत असतं. ते वाजवलं काय आणि नुसतं पेटवून ठेवलं काय, तास सरतच असतात. हे मला पहिल्या वर्षीपासून ठाऊक होतं.

ऋण व्होल्टेज सगळ्यात जास्त ठेवून सुरुवात केली, मग स्क्रू केसभर फिरवायचा, थांबायचं, काटा वाचायचा. तापल्यावर प्रवाह वाढतो, म्हणून पुन्हा थांबायचं. पहिल्यांदा घाई केली आणि अर्ध्या तासानं पुन्हा सगळं करावं लागलं. दुसऱ्यांदा दोन्ही व्हॉल्व्ह पस्तीस मिलिअँपिअरवर स्थिरावले. प्लेटा करड्या राहिल्या.

आई जवळ येऊन वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

"कमी झालं, शामे."

"कमी नाही झालं. असंच असते आई. आधी तो जळून राहिला होता."

"मले वाटे, पूजा पावली त्याले."

रुमाल पर्समध्ये होता, पर्स खुंटीला. मी मीटरच्या तारा गुंडाळत राहिले.

भाऊबीजेला मी ओमप्रकाशला निरोप पाठवला, गिटार घेऊन ये. तो आला आणि टेबलावरचं सामान पाहून दारातच थबकला.

"अरे बाप रे! प्रोफेसरबाई मिस्त्री कधीपासून झाल्या?"

"वाजवून दाखव. कानानं तपासायचं राहिलं."

"फेल झाला तं मले दोष देऊ नका हो."

त्यानं ॲम्प्लिफायरचं तोंड खोलीकडे फिरवलं, आणि व्हॉल्व्ह भिंतीकडे गेले. केबल लावली. एकच तार छेडली. आवाज जमिनीतून माझ्या तळपायांत आला. मग त्यानं सावकाश, खालच्या सुरांत थोडंसं वाजवलं, गाणं नव्हे. चार वर्षांत या खोलीत एवढा आवाज झाला नव्हता. आई ओवाळणीचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

ओमप्रकाश थांबला. "सेम टू सेम, काकू. तोच आवाज आहे," म्हणाला आणि मान खाली घालून केबल गुंडाळू लागला.

मी त्याला ओवाळलं. त्यानं पाया पडून चपला शोधल्या. या खेपेला त्यानं काहीच विचारलं नाही.

बाहेर दिवेलागण झाली होती. आईनं देवापुढे दिवा लावला आणि सवयीनं तिचा हात बटणाकडे गेला. ते आधीच चालू होतं. तिनं हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखी तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ओमप्रकाश एका पायात चप्पल घालून थांबला होता. 'पाहू' म्हणायची माझीच पाळी होती.

मी वाकून बटण बंद केलं. घुं आवाज थांबला.

"आई," मी म्हटलं, "हा ओमप्रकाशले देऊ. आजच नेऊ दे त्याले."