प्रार्थनेचा विषय

नमुना तपासून निश्चित काही सांगता आलं नाही, की आमच्या प्रयोगशाळेत ‘निष्कर्ष अनिश्चित’ असा शेरा मारतात. डॉक्टर चिडतात, पण खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं. देवापुढे असा शेरा चालतो का, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी ताईकडे गेले.

दिवस राहिल्याचं माझं मीच तपासून पाहिलं होतं. मागचं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. नवरा अजूनही दुसऱ्यांची मुलं पाहून रस्त्यात रेंगाळायचा.

“मग मी देवाकडे काय मागू?” ताईने भांडी पुसता पुसता विचारलं.

“तेच कळत नाही. राहू दे म्हणायला गेले की भीतीने जीभ अडते. नको म्हणायला गेले की लाज वाटते. तू नुसती माझ्याजवळ बस.”

“बरं.”

“आणि ह्याला इतक्यात सांगू नकोस. मीच सांगेन.”

“मी काय दवंडी पिटणार आहे का, वेडे?”

ओल्या हातांनीच ती माझ्याजवळ बसली. दोघींनी डोळे मिटले, काहीच मागितलं नाही. बऱ्याच दिवसांनी मला देव खोलीत असल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी ताईच्याच घरी आमच्या चर्चची प्रार्थनासभा होती. आम्ही हात धरून गोल बसलो. पाळकबाईंनी प्रार्थनेचे विषय विचारले. कुणाची परीक्षा होती, कुणाचा गुडघा. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “जरा मोठ्याने करा गं. देवाला कुजबुज ऐकू जाते, मला नाही.” सगळे हसले. ताईचा नंबर आला. तिने घसा खाकरला.

“हे प्रभू, माझ्या धाकट्या बहिणीची कूस तू पुन्हा उजवतो आहेस. पण ती डळमळते आहे, प्रभू. हे बाळ हवं की नको, हेच तिचं ठरत नाही. तिला क्षमा कर.”

माझा डावा हात ताईच्या हातात होता, उजवा नवऱ्याच्या. पहिल्या वाक्याला त्याची बोटं घट्ट झाली. शेवटच्या वाक्यापर्यंत ती सैल पडली होती.

सगळे “आमेन” म्हणाले. पाळकबाई हलकेच मला म्हणाल्या, “तूही म्हण, बाळा.”

“नाही,” मी म्हणाले.

ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. “अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं. सगळ्यांनी मिळून मागितलं तर बळ येतं. आणि मी देवालाच तर सांगितलं!”

“देवाला ते परवाच कळलं होतं. आज खोलीभर लोकांना सांगितलंस.”

“सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.”

“कान उघडे होते, ताई.”

ती रडायला लागली. आता तिची समजूत मीच काढायची होती. मी काढली नाही.

नवरा दाराबाहेर बूट घालत होता. नाडी त्याने दोनदा बांधली.

“ताईंना सांगता आलं तुला,” तो म्हणाला.

“तुलाही सांगणार होते.”

“काय सांगणार होतीस?”

त्याच्यासाठी मी एक वाक्य मनात जपून जुळवत होते. ताईने ते तिच्या शब्दांत सांगून टाकलं होतं. आता मी काहीही म्हटलं असतं तरी ती सारवासारव वाटली असती.

तो पुढे चालू लागला. ताईला क्षमा कर, असं मी म्हणायला हवं होतं. शिकवलेलं तसंच आहे. ते मी म्हटलं नाही. त्या दिवसांत पहिल्यांदाच मला काय मागायचं ते नक्की ठाऊक होतं. देवा, त्याला एकदा मागे वळून बघू दे.

तो वळला नाही. कोपऱ्यापर्यंत मी वाट पाहिली, मग भरभर पावलं उचलली.