शेजारचा श्वास

गज तारेवर टेकला आणि सूर निघाला, तेव्हा सभागृहात दुसरा एकही आवाज नव्हता.

ती जागाच तशी होती. सगळ्या वाद्यवृंदाने मिळून एक दणदणीत ठोका द्यायचा आणि एकदम गप्प व्हायचं. श्रोत्यांचा जीव पुरेसा टांगणीला लागला की मग दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटाने, उशिरा घरी आलेल्या माणसासारखं, पाय न वाजवता हळूच आत शिरायचं. जुन्या, शिस्तीच्या काळातल्या त्या रचनाकाराने ही शांतता मुद्दाम थट्टेखातर ठेवली होती. तिच्या ऐन मध्यावर तो सूर वाजला. बेसूर असता तर कुणाची खुर्ची करकरली म्हणून खपूनही गेला असता, पण तो चांगला गोल, सुरेल आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा होता.

जावयाने गज झटकन वर उचलला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याला सगळे जावई म्हणत. वाद्यवृंदात आला त्या दिवसापासून तो कडक इस्त्रीचे कपडे घालून आयत्या वेळी यायचा आणि मांडून ठेवलेल्या ताटावर बसावं तसा खुर्चीवर बसायचा, म्हणून दुसऱ्या व्हायोलिनांच्या म्होरक्याने, ज्याला स्वतःला सगळे मुकादम म्हणत, हे नाव ठेवलं होतं. नावात थट्टा होती तशी मायाही होती. जावई दुसऱ्या स्टँडवर आतल्या बाजूला बसे. बाहेरच्या, श्रोत्यांकडच्या खुर्चीवर आक्का. एका स्टँडवरची स्वरलिपी दोघांनी वाचायची आणि आत बसणाऱ्याने पान उलटायचं, ही रीत. पानं तो वेळच्या वेळी उलटायचा. विराम, म्हणजे गप्प बसायच्या मात्रा, मोजायचं मात्र त्याने कधीचंच सोडून दिलं होतं.

त्याची गरजच पडत नसे. वाजवायला सुरुवात करण्याआधी आक्का नाकाने एक छोटासा श्वास घेत. सुईत दोरा ओवताना बायका घेतात तसा. तो श्वास ऐकू आला की जावयाचा गज तारेवर. मोजायचं त्यांनी, वाजवायचं दोघांनी. इतक्या वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. आज आक्कांना सर्दी झाली होती. त्या शांततेत त्यांना खोकला आला, तो दाबायला त्यांनी श्वास घेतला, आणि जावई, जो त्या वेळी संचालकांच्या हाताकडे बघायचं सोडून सज्जात आपली बायको कुठे बसली आहे ते शोधत होता, वाजवून मोकळा झाला.

संचालकांचे हात हवेत थांबलेले होते. त्यांनी मान वळवली आणि दुसऱ्या स्टँडकडे पाहिलं.

आक्कांनी व्हायोलिन किंचित खाली घेतलं आणि मान खाली घातली. जावयाने समोरच्या पानावर नजर रोवली, तिथे जणू काही नवीनच लिहून आलं होतं. सज्जातून कुणीतरी हसलं. मग संचालकांचा हात हलला, सगळे सुरू झाले, तोही सुरू झाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या शेवटच्या ठोक्यापर्यंत पेटलेल्या राहिल्या.

मध्यंतरात रंगमंचामागच्या लांबट खोलीत नेहमीसारखा चहा होता. नेहमीसारखा गोंगाट मात्र नव्हता. जो तो आपल्या तारा पुसत होता, खोक्यात काहीतरी शोधत होता, नव्या बुटांबद्दल जरुरीपेक्षा मोठ्याने बोलत होता. जावयाला वाटलं, आपल्याकडे कुणी बघत नाहीये. त्याला थोडं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

कारण आक्कांचं काय पणाला लागलं होतं ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. या आठवड्यात समिती पुढच्या हंगामाची नावं ठरवणार होती. वय झालेल्यांना पुढच्या स्टँडवर ठेवायचं की नाही याची कुजबुज कधीपासून चालू होती, आणि समितीतली मंडळी आज पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. आक्कांच्या घरी एक आजारी बहीण आणि ही एक खुर्ची, याखेरीज काही नव्हतं. आणि ती खुर्ची रिकामी झाली तर तिच्यावर कोण बसणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. जावयाला तर फारच नीट ठाऊक होतं.

संचालक आत आले. त्यांच्यामागोमाग मुकादम. ते दुसऱ्या स्टँडच्या दोघांसमोर येऊन उभे राहिले.

"तो सूर कुणाचा होता?"

आवाज चढलेला नव्हता. जावई गजाला राळ लावत होता. ती आधीच इतकी लागली होती की पांढरी भुकटी त्याच्या काळ्या विजारीवर पडत होती. आता बोलायचं, असं त्याने ठरवलं. जीभ टाळूला चिकटली होती. तेवढी सुटली की बोलायचं.

"माझ्यामुळे झालं ते," आक्का म्हणाल्या.

संचालक गेले नाहीत. ते तसेच उभे राहिले, आक्कांकडे नाही आणि जावयाकडेही नाही, दोघांच्या मधल्या खुंटीवर टांगलेल्या कुणाच्यातरी कोटाकडे बघत. कपबशा वाजायच्या थांबल्या. मुकादमाने घसा खाकरला. जावयाने राळेची वडी उलटी करून दुसऱ्या बाजूने घासायला घेतली.

"ठीक आहे," शेवटी संचालक म्हणाले. "आक्का, मग उत्तरार्धात तुम्ही शेवटच्या स्टँडवर बसा. तिथल्या चष्मेवाल्यांना पुढे पाठवा." मग जावयाकडे वळून, "आणि तुम्ही बाहेरच्या खुर्चीवर."

"हो," जावई म्हणाला. त्याची जीभ सुटली होती.

आक्कांनी बसायची उशी काखेत मारली, रुमालाने नाक पुसलं आणि त्या मागच्या दाराने रंगमंचाकडे गेल्या. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत जावई राळ घासत राहिला.

बायको बोळात त्याची वाट बघत होती. ती मैफलीला क्वचितच येई. आज मुद्दाम आली होती, ठेवणीतलं नेसून.

"अहो, मधेच काय झालं ते?" तिने विचारलं.

"ते होय? आक्का." तो म्हणाला. आणि एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं, पण त्याच्या तोंडून पुढचंही निघून गेलं. "वय झालंय आता त्यांचं. भान राहत नाही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्याची कॉलर सरळ केली, जी वाकडी नव्हतीच.

"बरं," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर निघून गेली.

मध्यंतरानंतरची सिंफनी रोमँटिक काळातली होती, रडायची-हसायची भीडभाड न बाळगणारी. बाहेरच्या खुर्चीवर दिव्यांचा उजेड थेट चेहऱ्यावर येत होता. या खुर्चीसाठी जावयाने किती मनसुबे रचले होते! पहिल्यांदा बसेन तेव्हा आईला बोलावीन, असंही एकदा ठरवलं होतं. आता तिच्यावर बसल्यावर आपण कुणाच्या तरी अंथरुणात चपलांसकट शिरलोय असं त्याला वाटत होतं. शेजारी शेवटच्या स्टँडवरून आलेला चष्मेवाला होता. तो सज्जन होता, पानं बिनबोभाट उलटत होता, पण तोंड मिटून बसत होता आणि श्वासाचा आवाज म्हणून करत नव्हता.

पहिला भाग धडाक्याचा होता, तो सगळ्यांच्या लोंढ्यात निभावला. दुसरा भाग संथ होता. त्यात दुसऱ्या व्हायोलिनांना लांबलचक विराम होता. तेवढ्या वेळात एक शिंग एकटंच, दूरच्या कुणाला तरी हाक मारावी तसं, वाजत राही. जावई मोजू लागला. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार. शाळेतल्या पोरासारखे त्याचे ओठ हलत होते. सातपर्यंत तो ठीक होता. मग त्याला आक्कांची उशी काखेत मारलेली पाठ दिसली आणि त्यानंतर हा आकडा आठवा की नववा ते कळेना. तो सवयीने डावीकडून येणाऱ्या श्वासाची वाट बघत राहिला. डावीकडे आता फक्त श्रोते होते.

दुसरी व्हायोलिनं सुरू झाली. तो राहिला.

गज तारेच्या वर अधांतरी धरून तो बसून होता. आपल्या वाद्याचा आवाज कानाशी नसताना आपले सोबती कसे वाजवतात, हे त्याने आजवर ऐकलंच नव्हतं. पुढून मुकादमाचा जाडसर, भरलेला आवाज येत होता. शेजारी चष्मेवाल्याचा बारीक, थोडा अनुनासिक. पाठीमागे एकेक जण वेगळा, बोलण्यावरून माणूस ओळखावा इतका वेगळा. आणि सगळ्यांच्या मागून, थेट शेवटच्या स्टँडवरून, जुन्या लाकडाचा, किंचित काळोखा आवाज. त्या आक्का. डोळे बांधून त्याला रस्त्यात उभं केलं असतं तरी त्याने तो ओळखला असता.

मग त्याच्या लक्षात आलं.

त्याला ओळखता येतं, तर त्यांनाही येतं. मुकादमाला, चष्मेवाल्याला, शिंगवाल्याला, चहाच्या कपात डोकं घालून बसलेल्या त्या सगळ्यांना. हयात आवाज ऐकण्यात घालवलेली माणसं. आणि तो सूर तर चहूबाजूंनी शांतता असताना वाजला होता, चेहरा दाखवावा इतका स्पष्ट. संचालकांनी विचारलं ते त्यांना माहीत नव्हतं म्हणून नव्हे. ते उभे राहिले होते, सगळी खोली कपबशा थांबवून उभी होती, तो बोलेल म्हणून. आणि तो राळ घासत बसला होता.

चष्मेवाल्याने त्याच्याकडे न बघता गजाच्या टोकाने पानावर जागा दाखवली. जावई तिथून सुरू झाला.

शेवटी टाळ्यांचा पाऊस पडला. संचालकांनी एकेका विभागाला उभं केलं. दुसरी व्हायोलिनं उभी राहिली तेव्हा जावई सगळ्यात शेवटी उठला.

खोलीत आक्का गजाचे केस सैल करून खोक्यात ठेवत होत्या. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आक्का, तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"खोटं?" आक्कांनी वर पाहिलं. त्यांचं नाक लाल झालं होतं. "खोटं कुठे बोलले मी? माझ्यामुळे झालं म्हणाले. श्वास माझाच होता ना? खोकला दाबायला गेले नि तू फसलास."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मी मोजत नाही ते?"

"अरे, बाजूला बसते मी तुझ्या. मुद्दाम जरा मोठ्याने घ्यायचे की श्वास, तुला ऐकू यावा म्हणून." त्यांनी खोक्याची कडी लावली. "मी माझं सांगितलं. तुझं मी कसं सांगणार?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"गज सैल कर," जाता जाता त्या म्हणाल्या. "नेहमी विसरतोस."

बायको पायऱ्यांवर उभी होती. गर्दी पांगली होती. दोघं फाटकापर्यंत चालत गेले. फाटकाशी तो थांबला.

"ऐक ना," तो म्हणाला. "तो सूर आक्कांचा नव्हता. माझा होता."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात उभी राहून तुमचं व्हायोलिन ऐकतेय," ती म्हणाली. "भिंतीपलीकडून. मला कळणार नाही होय?"

"मग मध्यंतरात..."

"विचारलं की मी. विचारलं नाही का?" तिचा आवाज जरासा कापला. त्याला कळलं, ती रागावलेली नव्हती. आपल्या नवऱ्याची तिला लाज वाटली होती, आणि ती मध्यंतरापासून ते एकटीच सोसत होती. तिने हात पुढे केला. "ते खोकं द्या इकडे. मला सांगून काय होणार? आत जाऊन सांगा. मी इथेच थांबते."

"समितीवालेही असतील आत."

"असू देत."

त्याने व्हायोलिन तिच्या हाती दिलं आणि तो माघारी वळला. रंगमंचावर खुर्च्या एकीवर एक रचणं चालू होतं. दुसऱ्या स्टँडच्या खुर्च्या आधीच उचलल्या गेल्या होत्या. बोळाच्या टोकाला संचालकांच्या खोलीत दिवा होता, आतून बोलण्याचे आवाज येत होते. जावयाने दार वाजवायला हात उचलला आणि सवयीने क्षणभर तसाच थांबला, शेजारी कुणी श्वास घेतंय का ते ऐकत.

मग त्याने स्वतःच एक श्वास घेतला आणि दार वाजवलं.