सोडियमची ठळक रेघ

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. पण खिडकीला बसवायला जाल तर पस्तावाल. वीतभर लांब, बोटभर रुंद, आणि अंगावर एका म्हाताऱ्या ताऱ्याचा वर्णपट. मोहोळासारख्या गोल तारकागुच्छात हा तांबूस, फुगलेला तारा राहतो. तेव्हा ताऱ्यांचे फोटो काचेवर घेत; दुर्बिणीमागे बसून मी त्याचा उजेड अंगावर घेतला. धुऊन वाळवल्यावर रेघा उमटल्या: लोखंडाच्या, कॅल्शियमच्या, सोडियमच्या. ताऱ्यात काय काय आहे, ते या रेघा सांगतात.

वेधशाळेच्या मोजणीच्या खोलीतल्या ताई दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या. मला तळहाताच्या फोडासारखं जपायच्या. एकदा त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "सर, या ताऱ्यात सोडियम फार आहे. शेजारच्यांत एवढं नाही."

"एका गुच्छातले तारे म्हणजे सख्खी भावंडं, ताई. घडण सारखीच असणार. उजेडाच्या वाटेतल्या वायूची रेघ असेल ती."

"तारा आपल्याकडे येतोय, म्हणून त्याच्या सगळ्या रेघा जरा सरकल्यात. ही पण तेवढीच सरकलीय. वायूची असती तर जागेवर राहिली असती."

"डोळे दमलेत तुमचे. घरी जा."

साहेबांनी माझ्या पाकिटावर लिहिलं, 'सदोष'. ताईंनी खाली पेन्सिलीनं बारीक लिहिलं, 'पुन्हा मोजा'. मी कपाटात गेले.

चाळीस वर्षं मला कुणी विचारलं नाही. शेजारच्या काचा मोजणीला जायच्या, कौतुक करून घेऊन यायच्या. मी आपली धूळ खात पडलेली. फार एकटं वाटायचं. सगळे सदोष म्हणाले की आपणही हळूहळू तसंच मानू लागतो.

मग कपाट रिकामं करायचं ठरलं. सदोष काचांचं खोकं भंगारात निघालं. साहेबांच्या जागी आलेल्या संशोधक बाईंना पाकिटावरची पेन्सिलीची अक्षरं दिसली. त्यांनी मला दोनदा मोजलं आणि रुमालात गुंडाळून ताईंच्या घरी नेलं.

ताईंना आता दिसत नाही. त्यांनी मला पूर्वीसारखंच कडेनं धरलं, रेघांना बोट न लावता.

"सरकलीय ना?"

"तेवढीच सरकलीय, ताई. सोडियम ताऱ्याचंच आहे. भावंडांची घडण वेगळी असते, हे आता कितीतरी गुच्छांत दिसलंय."

"साहेबांना सांगितलंत?"

"साहेब गेले, ताई."

ताईंनी मला अलगद रुमालावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मलाही पटत चाललं होतं हो, डोळेच दमले असतील म्हणून."

मित्रांनो, कुणाला सदोष ठरवण्याआधी पुन्हा एकदा मोजा. आणि ज्यानं आधी मोजलंय, त्याचे डोळे शाबूत आहेत तोवर मोजा.