पुस्तक मिटावंसं वाटलं ते पान

चिमणीनं वही उघडली, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. नव्या बाईंची पद्धतच तशी होती. कादंबरीचा सारांश नको. वाचताना कुठल्या पानावर पुस्तक मिटावंसं वाटलं आणि का, तेवढं लिहून आणायचं आणि वर्गासमोर वाचायचं. चिमणी थांबली होती ती कादंबरीतल्या मुलीचा भाऊ जातो त्या पानावर.

"माझे एक काका वारले," ती वाचत होती, "तरी त्यांच्या मोबाइलचा गजर रोज पहाटे वाजायचा."

शेजारी बसलेल्या बारकीनं झटकन मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"काकू रोज रात्री तो मोबाइल चार्जिंगला लावायची. गजर झाला की म्हणायची, झोपू दे त्यांना, अजून पाच मिनिटं."

काकू नव्हे, आई. आणि काका नव्हेत, बारकीचे बाबा. चिमणीचे एकुलते एक काका तर सकाळीच तिला स्कूटरवरून शाळेत सोडून गेले होते, चांगले ठणठणीत! बारकीनं गजराचं हे एकदाच, जिन्यात बसून, शपथ घालून चिमणीला सांगितलं होतं. आणि तिनं असा केसानं गळा कापला.

मागच्या बाकावरची एक मुलगी मुसमुसत होती. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"याला म्हणतात वाचणं," त्या म्हणाल्या. "हं, आता बारकी."

बारकी उभी राहिली. तिच्या वहीत तोच गजर होता, तीच पाच मिनिटं. आईला विचारून लिहिलं होतं तिनं. आई म्हणाली होती, "लिही. कळू दे कुणालातरी." आता ते वाचलं तर नक्कल तिचीच ठरणार, चोर सोडून संन्याशाला फाशी. तिनं वही मिटली.

"मला कुठे थांबावंसं वाटलं नाही, बाई. सरळ वाचून काढलं."

"कोरडीच गं तू! शेजारणीकडून शीक काहीतरी."

सगळे हसले. बारकी खाली बसली. चिमणीनं सरकून तिला जागा करून दिली. तिचे डोळे अजून ओले होते, तेही अगदी खरेखुरे.

"चिडू नकोस ना," ती कानाशी लागून म्हणाली. "तुझं नाव घेतलं का मी?"

बारकीनं वही दप्तरात टाकली. घरी पाऊल टाकताच आई विचारणार होती, वाचलंस का, काय म्हणाले सगळे? ती उत्तर जुळवू लागली. बाईंनी चष्मा पुसला, एक मुलगी तर रडली, एवढंच सांगितलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.