तेरावा शब्द

एसेनगेल्दीच्या वहीत बारा शब्द होते आणि घरात बावीस महिन्यांची एक नात होती, जी अजून चालत नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणी विचारलं की त्याची बायको ऊल्झान कपाळाला हात लावून म्हणायची, "त्यांनाच विचारा. शहाणे ते आहेत."

संबंध होता. सत्तावीस वर्षं एसेनगेल्दीनं एक निळी, छातीएवढ्या चाकांची गाडी हाकली होती. आकाशातून परतणारी माणसं कुपीत बसून इथल्या माळावर उतरायची आणि त्यांना आणायला ही गाडी चिखल, बर्फ, खाचखळगे तुडवत जायची. उतरलेली माणसं खुर्च्यांत रेलून बसत, डॉक्टर त्यांची नाडी बघत, आणि तेवढ्यात एसेनगेल्दी हळूच वाकून एकच प्रश्न विचारी. रशियन त्या सगळ्यांनाच येत असे, त्यामुळे अडचण नव्हती. "तुमच्या घरच्या भाषेत तुम्हाला काय म्हणतात?" उत्तर मिळालं की कानटोपीतून वही बाहेर निघे.

पहिल्या ओळीवर अर्थातच आपला कझाक शब्द होता, गारिशकेर. सगळ्यात वरच्या आकाशात ज्याचं काम चालतं तो. मग रशियन कॉस्मोनॉट, विश्वाचा खलाशी. अमेरिकन ॲस्ट्रोनॉट, ताऱ्यांचा खलाशी. एक फ्रेंच बाई स्पासियोनोत म्हणाली होती, पोकळीतली खलाशी. मलेशियाचा अंगकासावान म्हणजे आकाशाचा माणूस. काही शब्द त्यानं इकडून तिकडून जमवले होते. चिनी हांगथ्यान्युआन त्याला रस्त्याच्या कामावरच्या एका मुकादमानं दिला, आकाशात नाव हाकणारा. कारागांडीला डॉक्टरकी शिकणाऱ्या एका हिंदुस्थानी पोरानं अंतराळवीर हा शब्द दिला, तेव्हा तर एसेनगेल्दी आठवडाभर खुशीत होता. "बाकीचे लोक हा कुठे गेला ते सांगतात," तो जो भेटेल त्याला सांगे, "ही भाषा याची छाती केवढी ते सांगते!"

"सगळे खलाशीच खलाशी," ऊल्झान म्हणायची. "आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नाही, आणि हे बुडायला बरे आमच्याच गवतात येतात. आणि काय हो, तुमचे बाराही शब्द जाणाऱ्याचे. परत आलेल्याला काय म्हणायचं?"

एसेनगेल्दी वही उलटसुलट चाळून बघे आणि पुन्हा कानटोपीत ठेवून देई. पण त्या माणसांबद्दल त्याच्या मनात जे होतं ते खरं होतं, उसनं नव्हतं. मान वर उचलता येत नाही, ओकाऱ्या थांबत नाहीत, आणि तशातही एकानं त्याला विचारलं होतं, "पहाटेपासून थंडीत उभे आहात ना? चहा घेतलात का?" अशा माणसापुढे टोपी काढावी नाही तर कुणापुढे?

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. आमच्यात मूल चालायला लागायच्या सुमारास त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या पिळाचा दोरा बांधतात. मग चांगल्या पायगुणाच्या माणसाकडून तो कापून घेतात आणि मुलाला पांढऱ्या कापडावरून चालवतात. दोरा कापणाऱ्याची चाल मुलाला लागते. एसेनगेल्दीनं नातीच्या बारशालाच सगळ्या गावादेखत शब्द दिला, "बलाउसाचा दोरा गारिशकेर कापेल!" त्यानंतर तो निवृत्त झाला. ऑफिसात जाऊन विनंती केली, तर तिथले उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब हसले. उतरलेली माणसं हेलिकॉप्टरनं थेट शहरात जातात म्हणाले, मध्ये दोरेबिरे नाहीत. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. बलाउसा उभी केली की पाय दुमडून घ्यायची आणि बुडावर सरकत घरभर हिंडायची. तालुक्याच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पायांत काही दोष नाही. मग दोष कुणाचा, ते गावानं ठरवून टाकलं होतं.

"पोरीच्या पायांत दोरा नाही, तुमचा हट्ट बांधलाय," ऊल्झाननं एके दिवशी स्वच्छ सांगितलं. "शुक्रवारी समारंभ. दोरा राबिगा कापेल. बास."

राबिगा गावची पोस्टमन. वयाची पंचावन्न वर्षं आणि जन्मात कधी ठेच लागलेली नाही. सुनेनं, मेरुएर्तनं, मान हलवली. तिचा नवरा दूर खाणीवर होता, आणि सासू-सासऱ्यांच्या भांडणात बोलायची तिची रीत नव्हती. एसेनगेल्दी दोरा खिशात घालून अंगणात गेला. दिलेला शब्द मोडायचा आणि तोही गावादेखत, हे त्याला फार लागलं होतं. त्याहून जास्त लागली होती ती भीती की बायकोचं खरं असेल आणि पोरगी आपल्यामुळेच बसून राहिली असेल.

शुक्रवारी सकाळी कढईत बाउर्साक, पिठाचे गोल वडे, फुगत होते, अंगणात पांढरं कापड अंथरलेलं होतं, आणि आभाळात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. राबिगा कुंपणावर चढून ओरडली, "अगं बाई! छत्री पडतेय, छत्री!"

एसेनगेल्दीला बघायचीही गरज नव्हती. कुपी आज उतरणार हे त्याला ठाऊक होतं, पण ती उत्तरेला, गाडीनं पाच तासांच्या वाटेवर. ही वाट चुकली होती. "ओले नमदे घ्या!" तो ओरडला आणि शेजाऱ्याच्या जीपकडे धावला. गेल्या दोन वर्षांत तो धावलेला कुणी पाहिला नव्हता.

कुपी टेकाडाखाली आडवी पडली होती, भोवती गवत पेटलं होतं. त्यानं बायामाणसांकडून लोकरीच्या जाड, ओल्या नमद्यांनी आग विझवून घेतली, तळाच्या बाजूला कुणाला फिरकू दिलं नाही, झाकणावर तीनदा ठोकलं. आतून तीनदा ठोकलं गेलं. एसेनगेल्दीचे डोळे भरून आले आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. झाकण आतून उघडलं. एकेकाला बाहेर ओढून नमद्यावर निजवलं. ग्लेब नावाचा दांडगा रशियन कप्तान, डोळे मिटून कण्हणारा एक अमेरिकन, आणि बाहीवर जपानचा झेंडा असलेली एक बारीक चणीची बाई, कोतोने. कप्तानानं फोनवरून ठिकाण कळवलं. हेलिकॉप्टर यायला तास लागणार होता.

ऊल्झान ताट घेऊनच आली. "हे घ्या, खा."

"काही द्यायचं नाही," एसेनगेल्दी म्हणाला. "डॉक्टर येईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा त्यांना विचारून."

"न बोलावता आलेला पाहुणा देवानं धाडलेला असतो, आणि तो माझ्या दारात उपाशी?"

"आजी," ग्लेब पडल्या पडल्या म्हणाला, "वास घेऊ द्या नुसता. सहा महिने डब्यातलं खाल्लंय."

ऊल्झाननं एक बाउर्साक त्याच्या नाकाशी धरला. मग कोतोनेच्या कपाळावरचे घामेजले केस मागे सारून ती म्हणाली, "घाबरू नको हं, बोताम." कोतोनेनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. बोताम म्हणजे उंटाचं पिल्लू. आमच्या बाया पोटच्या पोरांना असंच म्हणतात.

एव्हाना अख्खा समारंभ माळावर आला होता. मेरुएर्तच्या कडेवर बलाउसा, राबिगाच्या खांद्यावर ते पांढरं कापड आणि हातात कात्री. खिशातला दोरा एसेनगेल्दीच्या हाताला लागला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन पडलं होतं. अक्षरशः पडलं होतं.

"बघा तुमचे वीर," ऊल्झान हळूच म्हणाली. "नुकती जन्मलेली कोकरं बरी. यांच्या हातून कापून घेणार?"

राबिगा तरी कशाला गप्प बसते? "कापणाऱ्याची चाल लागते हो! यांची लागली तर पोरगी जन्मभर नमद्यावर लोळेल."

एसेनगेल्दीनं पाहिलं. कोतोनेची मान पुन्हा एका बाजूला कलली होती. अशी माणसं त्यानं शेकड्यानं पाहिली होती आणि प्रत्येक वेळी मनात नमस्कार केला होता. पण आज नातीचे पाय पणाला लागले होते. पहिल्यांदाच त्याचं मन कचरलं. त्यानं दोरा काढला आणि राबिगापुढे धरला.

"हे काय आहे?" कोतोनेनं रशियनमध्ये विचारलं. एसेनगेल्दीनं सांगितलं, सगळंच. हट्टसुद्धा.

तिनं आपल्या पावलांकडे बघितलं. "मग आधी माझाच कापा ना," ती म्हणाली. "सहा महिन्यांत मी एक पाऊल टाकलेलं नाही."

ती हसत म्हणाली होती, पण ऊल्झानला ती थट्टा वाटली नाही. तिनं नवऱ्याच्या हातातला दोरा घेतला, दातांनी तोडून दोन केले आणि एक त्या बाईच्या घोट्यांना बांधला.

"उठायचं नाही!" एसेनगेल्दी दचकून म्हणाला. "डॉक्टर—"

"ती ऐकायची नाही," ग्लेब म्हणाला. "सहा महिने मी सांगून बघितलं."

राबिगानं फुशारकीनं कात्री चालवली. दोन्ही बायकांनी कोतोनेच्या काखेत हात घातले. ती उभी राहिली, पांढरीफटक पडली, गुडघे दुमडले, खाली बसली. पुन्हा उठली. एक पाऊल. दुसरं. कपाळावरून घाम ओघळत होता. तिसऱ्या पावलाला ती पुन्हा कोसळली, आणि जमिनीला हात टेकून म्हणाली, "अजून एकदा." चार पावलं झाली तेव्हा बायका तिला खाली बसवून मोकळ्या झाल्या.

"हिनंच कापावा," मेरुएर्त म्हणाली.

सगळे वळले. सुनेचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

"माझी मुलगी आहे, म्हणून बोलते. राबिगाकाकू कधी पडल्याच नाहीत. पडून उठायचं कसं, ते हिला ठाऊक आहे."

राबिगानं कात्री पुढे केली.

बलाउसाच्या पायांत दोरा बांधला. कोतोनेचा हात इतका थरथरत होता की एसेनगेल्दीला तिचं मनगट धरावं लागलं. दोरा तुटला. गवतावर अंथरलेल्या पांढऱ्या कापडाच्या एका टोकाला ऊल्झान आणि राबिगानं पोरीला दोन्ही हातांनी उभं केलं, आणि पोरीनं नेहमीप्रमाणे पाय दुमडून घेतले. मेरुएर्तनं ओठ दाबून धरले.

दुसऱ्या टोकाला कोतोने बसली होती. तिनं काही बोलावलं नाही. कुपीला टेकून ती पुन्हा उठायच्या खटपटीला लागली, अर्धी उठली आणि धपकन बसली. बलाउसा टक लावून बघत होती. एवढी मोठी बाई पडते, हे तिला भलतंच पटलेलं दिसलं. ती खिदळली. एक पाय खाली टेकला, मग दुसरा. आजीचा हात झटकला. डुलत, दोन्ही हात हवेत पसरून तिनं एक, दोन, तीन पावलं टाकली आणि कोतोनेच्या मांडीवर जाऊन पडली. कोतोने तिला कवटाळून आपल्या भाषेत काहीतरी बोलत राहिली, रडत आणि हसत, आणि मेरुएर्त दोघींच्या गळ्यात पडली.

मग हेलिकॉप्टर आलं, धूळ उडाली, डॉक्टरांनी सगळ्यांना झापलं. पाच मिनिटांत माळ रिकामा झाला.

घरी येऊन मटण वाढलं जात होतं तेव्हा त्यानं वही काढली आणि तोंडात मारल्यासारखा बसून राहिला.

"काय झालं?"

"विचारायचंच राहिलं. जपानी भाषेत यांना काय म्हणतात ते."

"मी बोताम म्हटलं तर तिनं मान वर केली," ऊल्झान त्याच्या ताटात फासळी टाकत म्हणाली. "आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

एसेनगेल्दीनं तेराव्या ओळीवर लिहिलं, बोताम. समोर अर्थ लिहिला, परत आलेलं माणूस. तेवढ्यात बलाउसा चौथ्यांदा उंबऱ्याशी पडली. तो उठायला गेला, तर मेरुएर्तनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. पोरगी आपली आपण उठली.